आईचं वय छापता, अंड्याचंही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत उशिराच्या मातृत्वावर पानभर मजकूर होता. वर सत्तेचाळिसाव्या वर्षी जुळ्यांची आई झालेल्या एका नटीचा हसरा फोटो, खाली आयव्हीएफची, म्हणजे अंडं शरीराबाहेर फळवून गर्भ आत सोडण्याच्या उपचाराची, माहिती आणि कोपऱ्यात एक चौकट. त्या चौकटीत लिहिलं होतं की उत्तम प्रतीचा गर्भ सोडूनही तो रुजत नसेल, तर गर्भाशयात दोष असू शकतो किंवा स्त्रीने पुरेशी विश्रांती घेतलेली नसते.

ते पान माझ्या भाचीने माझ्यापुढे ठेवलं. तिचं वय ४१. दोनच दिवसांपूर्वी तिच्या दुसऱ्या आयव्हीएफचा अहवाल आला होता. नऊ अंडी निघाली, त्यातली आठ पक्व, सहा फळली, पाचव्या दिवसापर्यंत तीन टिकली. तिन्ही गर्भांची गुणसूत्रं तपासली आणि तिन्ही नापास. एकात सोळावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन, दुसऱ्यात बाविसाव्याचा जोडीदार गायब, तिसऱ्यात इतका गोंधळ की अहवालात नुसतं ‘अनेक दोष’ असं लिहिलेलं. ती म्हणाली, "मावशी, यात लिहिलंय ते खरं का गं? मी रजा घ्यायला हवी होती का?"

तपासणीसाठी पेशी काढल्या तेव्हा ते तिन्ही गर्भ तिच्या शरीरात नव्हतेच. ते काचेच्या बशीत, इन्क्युबेटरमध्ये होते. तिने रजा घेतली असती काय आणि डोंगर चढली असती काय, त्यांना काय कळणार होतं? पण छापलेल्या शब्दाचं वजन फार असतं, म्हणून हे पत्र.

मी डॉक्टर नाही. एका प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं गुणसूत्रं कापण्याचं काम केलं. कापण्याचं म्हणजे शब्दशः, कात्रीने. गर्भपात झालेल्या स्त्रियांच्या ऊतीचा नमुना बाटलीतून यायचा. त्यातला गर्भाचा भाग आईच्या भागापासून चिमट्याने वेगळा करायचा, पेशी आठ-पंधरा दिवस वाढवायच्या, औषध घालून त्यांना ऐन विभाजनाच्या क्षणी थांबवायचं, मग पातळ मिठाच्या पाण्यात फुगवायचं आणि थेंब वरून काचपट्टीवर सोडायचा. थेंब कुठल्या उंचीवरून सोडायचा याबद्दल आमच्याकडे प्रत्येकीचं मत वेगळं होतं आणि ते बदलायला कोणी तयार नसे. नीट पसरलेल्या पेशीचा फोटो काढायचा, तो मोठा छापून घ्यायचा आणि एकेक गुणसूत्र कापून, पट्टे जुळवून, जोडीने कागदावर चिकटवायचं. बावीस जोड्या आणि शेवटी एक्स-वाय. पंख्याखाली हे काम करता येत नसे. एकदा एकविसावं उडून गेलं आणि आम्ही दोघी अर्धा तास टेबलाखाली.

पुढे संगणक आला आणि कात्री कपाटात गेली. पण तोवर डोळ्यांना एक सवय लागली होती. गर्भपाताच्या नमुन्यात शेवटी एखादं गुणसूत्र हातात उरायचं, त्याला जोडी नसायची कारण जोडी आधीच लावून झालेली असायची. हे तिसरं गुणसूत्र सगळ्यात जास्त वेळा सोळाव्या क्रमांकाचं असे. प्रत्येक पेशीत तीन सोळा असले, तर ते मूल जन्मापर्यंत पोचत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांतच थांबतं. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी निम्म्या किंवा त्याहून जास्त गर्भांत असा गुणसूत्रांचा दोष सापडतो. तेरा, अठरा आणि एकवीस यांच्या तिकड्या घेऊन मुलं जन्माला येऊ शकतात, त्यातली एकविसाची, म्हणजे डाऊन सिंड्रोमची मुलं चांगली मोठीही होतात. बाकी बहुतेकांचा निकाल निसर्ग आधीच लावतो.

माणसाची गुणसूत्रं ४६, हेसुद्धा शास्त्रज्ञांना १९५६ साली नक्की कळलं. जो हिन त्जियो आणि आल्बर्ट लेवान यांनी ते नीट मोजलं. त्याआधीची तीसएक वर्षं पुस्तकांत ४८ छापलं जात होतं आणि लोक सूक्ष्मदर्शकात बघूनही ४८च मोजत होते. छापलेल्या शब्दाचं वजन म्हणते ते यामुळेच.

आता भाचीच्या तीन गर्भांकडे येते. मी तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते, कारण तिच्या दोन वर्षांच्या उपचारांत हे कोणी बसून सांगितलं नव्हतं. सांगायला दहा मिनिटं लागतात.

तिची अंडी ४१ वर्षांची आहेत. ती दर महिन्याला बनत नाहीत. भाची माझ्या बहिणीच्या पोटात होती तेव्हाच तिच्या अंडाशयात साठसत्तर लाख अंडी तयार झाली होती. जन्माच्या वेळी त्यातली दहा-वीस लाख उरली, वयात येईपर्यंत तीनचार लाख, आणि संपूर्ण आयुष्यात पिकून बाहेर पडणारी जेमतेम चारपाचशे. या प्रत्येक अंड्याने जन्माआधीच आपली गुणसूत्रं निम्मी करण्याचं काम सुरू केलेलं असतं आणि मध्येच थांबवलेलं असतं. जोड्या एकमेकींना धरून उभ्या, वेगळं होण्याचा इशारा अजून यायचाय. तो इशारा काही अंड्यांना पंधराव्या वर्षी मिळतो, काहींना पंचेचाळिसाव्या. तोवर जोडीला धरून ठेवायचं काम कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्या करतात. मी तिला दोरीवरचे मोजे दाखवले. दोन मोजे एका चिमट्यात. चिमटा रोजच्या वापरातला असेल तर तुटल्यावर बदलता येतो. इथे चिमटा ४१ वर्षांपूर्वी लावलेला आहे आणि उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं आहे की अंडं तो नव्याने बनवत नाही. कडी सैल झाली की जोडी वेळेआधी सुटते, आणि सुटलेलं गुणसूत्र कुठल्या बाजूला जाईल याचा नेम राहत नाही. तिसरं सोळावं येतं ते असं. ज्या अंड्यातून बाविसावं निसटलं, त्याचीही गत बहुधा हीच.

दुसरी अडचण दोरांची. गुणसूत्रांना दोन्ही बाजूंना ओढणाऱ्या तंतूंची रचना इतर पेशींत दोन पक्क्या टोकांवर उभी राहते. माणसाच्या अंड्यात ती पक्की टोकंच नसतात. जिवंत मानवी अंड्यांचं चित्रण करून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की ही रचना उभी राहायला सोळाएक तास लागतात आणि त्या वेळात ती पुष्कळदा डळमळते. म्हणजे तरुण अंड्याचीही खात्री नाही. वयाने त्यात भर पडते, एवढंच.

पुरुषाचं काय, असं भाचीच्या नवऱ्याने विचारलं. चांगला प्रश्न आहे, आणि तो पुरुषाने विचारला म्हणून मला जास्त आवडला. शुक्राणू सतत नव्याने बनतात, एका खेपेला साधारण अडीच महिने लागतात. त्यांच्यातही गुणसूत्रांच्या चुका असतात, पण शेकड्यात थोड्या. डाऊन सिंड्रोममध्ये जास्तीचं एकविसावं दहातल्या नऊ वेळा आईच्या अंड्यातून आलेलं असतं. याचा अर्थ पुरुषाची तपासणी टाळावी असा नाही. मूल न होण्याचं कारण पुरुषात असणं मुळीच दुर्मीळ नाही. पण गुणसूत्रांच्या संख्येचा हा प्रश्न मुख्यतः अंड्याच्या वयाचा आहे.

आणि वयाचे आकडे उपलब्ध आहेत. पंधरा हजारांहून जास्त गर्भांच्या तपासण्यांचा एक मोठा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. सव्वीस ते तीस या वयात दोषी गर्भांचं प्रमाण सगळ्यात कमी होतं, ढोबळमानाने चारात एक. म्हणजे ऐन उमेदीतही शून्य नाही. पस्तिशीत ते तिसऱ्या हिश्श्यावर जातं, चाळिसाव्या वर्षी अर्ध्याच्या बरंच वर, आणि चव्वेचाळीसच्या आसपास दहातले जवळजवळ नऊ. एकेचाळिसाव्या वर्षी तीनातले दोन धरा. मग तीन गर्भ तपासले तर तिन्ही सदोष निघण्याची शक्यता किती? दोन तृतीयांश गुणिले दोन तृतीयांश गुणिले दोन तृतीयांश, म्हणजे सत्तावीसात आठ. तिच्या वयाच्या आणि तीन गर्भ मिळालेल्या दहा बायकांतल्या तिघींच्या वाट्याला हाच अहवाल येणार. हा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर करून दाखवला तेव्हा ती पहिल्यांदा रडली. आधीचे दोन दिवस नुसती गप्प होती.

तिच्या पहिल्या खेपेबद्दलही लिहायला हवं. तेव्हा गर्भाची तपासणी केली नव्हती. ‘ए ग्रेड’चा म्हणून एक गर्भ सोडला, तो रुजला, आणि आठव्या आठवड्यात गर्भपात झाला. घरात ज्याने त्याने कारण शोधलं. ती कामावर जायला लागली होती, जिने चढली होती, रडली होती. ग्रेड म्हणजे काय, तर सूक्ष्मदर्शकाखाली गर्भ दिसायला कसा आहे. पेशी सारख्या आहेत का, किती आहेत, कडा नीट आहे का. त्यावरून गुणसूत्रं दिसत नाहीत. मी कापलेल्या गुणसूत्रांतली कित्येक अशा गर्भांची असतील जे पाचव्या दिवशी देखणे दिसले असते. त्या वेळी गर्भपाताची ऊती तपासायला पाठवली असती तर निदान उत्तर मिळालं असतं. कोणी सुचवलं नाही आणि मीही, इतकी वर्षं तेच काम करून, दुःखाच्या घरात तोंड उघडलं नाही. ते मला अजून लागतं.

आता त्या तपासणीबद्दल, कारण आपल्या लेखात तिचा उल्लेख ‘यशाची हमी वाढवणारं नवं तंत्र’ असा झाला आहे. पाचव्या-सहाव्या दिवशी गर्भाच्या बाहेरच्या थरातून, ज्याची पुढे वार होते, पाचदहा पेशी काढतात आणि त्यांची गुणसूत्रं मोजतात. काम नाजूक आहे आणि मला त्याचं कौतुक आहे. आम्हाला महिना लागायचा ते आता काही दिवसांत होतं. पण चाळणीने दाणे निवडता येतात, पिकवता येत नाहीत. भाचीचे तीन गर्भ सदोष होते ते तपासणीआधीही तसेच होते. तपासणीमुळे तिचं एखादं निष्फळ रोपण किंवा दुसरा गर्भपात टळला. हा फायदा खराच. मूल होण्याची एकूण शक्यता मात्र तेवढीच राहिली.

हे माझं मत म्हणून सांगत नाही. जुन्या पद्धतीने, तिसऱ्या दिवशी एक पेशी काढून, केलेल्या तपासणीचा डच अभ्यास २००७ साली आला. ३५ ते ४१ वयाच्या ४०८ स्त्रिया होत्या, आणि तपासणी झालेल्यांमध्ये गर्भधारणा टिकण्याचं प्रमाण उलट कमी निघालं. नव्या पद्धतीचा चीनमधला मोठा अभ्यास २०२१ चा. २० ते ३७ वयाच्या, किमान तीन चांगले गर्भ मिळालेल्या १२१२ स्त्रिया. तपासणी केलेल्या गटात ७७.२ टक्के स्त्रियांना मूल झालं, न केलेल्या गटात ८१.८ टक्के. त्या स्त्रिया भाचीहून तरुण होत्या, त्यामुळे हे आकडे तिला जसेच्या तसे लावू नयेत. पण ‘हमी’ हा शब्द कुठून आला ते कळत नाही. एक युक्ती सांगते. यशाचा टक्का ऐकला की विचारा, कशाच्या शेकड्यात? तपासून निवडलेला गर्भ सोडल्यावरच्या शेकड्यात विचाराल तर आकडा छान येतो, पन्नासच्या वरसुद्धा. उपचार सुरू केलेल्या सगळ्या स्त्रियांच्या शेकड्यात विचाराल तर भाचीसारख्या, ज्यांच्याकडे सोडायला गर्भच उरला नाही, त्याही मोजल्या जातात. आपल्या लेखात पहिला आकडा होता. दुसरा नव्हता.

अहवालात कधी कधी ‘मोझेक’ असा शेरा येतो, म्हणजे काही पेशी ठीक, काही नाहीत. असे गर्भ पूर्वी सरसकट टाकून देत. २०१५ साली इटलीतल्या डॉक्टरांनी असे गर्भ १८ स्त्रियांच्या गर्भाशयात सोडल्याचं प्रसिद्ध केलं, त्यातल्या सहा जणींना निरोगी मुलं झाली. म्हणून असा शेरा आला तर घाईने सही करू नये, आधी आनुवंशिकतेच्या सल्लागाराशी बोलावं.

आणि आता त्या फोटोतल्या नटीकडे. तिची जुळी कोणाच्या बीजापासून, म्हणजे अंड्यापासून, झाली हे मला माहीत नाही, ते विचारायचा मला किंवा आपल्याला हक्क नाही. ते तिचं खासगी. पण चाळिशीच्या मध्यानंतर आयव्हीएफने होणारी पुष्कळ मुलं तरुण दात्या स्त्रीच्या बीजापासून होतात, ही गोष्ट खासगी नाही, ती वैद्यकात सर्वांना ठाऊक आहे. दात्या बीजाने मूल होण्याची शक्यता मुख्यतः बीज देणारीच्या वयावर ठरते, गर्भ वाढवणारीच्या वयाने त्या मानाने फार कमी फरक पडतो. म्हणजेच आपल्या चौकटीतलं गर्भाशयातल्या दोषाचं कारण बहुतेकींच्या बाबतीत उलटं आहे. पंचेचाळिशीचं गर्भाशय पंचविशीच्या अंड्यातून झालेलं मूल सहसा चांगलं सांभाळतं. आपण बातमीत आईचं वय ठळक छापता, अंड्याचं वय छापत नाही, आणि वाचणारी बाई दोन्ही एकच समजते. माझी भाची छत्तिसाव्या वर्षी थांबली होती ती अशाच बातम्या वाचून. "अजून दहा वर्षं आहेत की," असं मला तेव्हा म्हणाली होती. मी हसले होते.

अंडी गोठवून ठेवण्याचाही लेखात उल्लेख आहे. बत्तिसाव्या वर्षी गोठवलेलं अंडं उणे १९६ अंशांत बत्तीसचंच राहतं, हे खरं. पण एकेचाळिसाव्या वर्षी गोठवलेलं एकेचाळीसचं राहतं. लेखातल्या डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्यांबद्दल मी फार लिहीत नाही. सुटलेली कडी परत बसवणारी गोळी अजून निघालेली नाही.

१९७८ साली, २५ जुलैला, आयव्हीएफने झालेल्या जगातल्या पहिल्या मुलीचा, लुईस ब्राऊनचा, जन्म झाला तेव्हा तिच्या आईची अडचण बीजवाहक नळ्यांची होती. एकच अंडं काढलं, बाहेर फळवलं, आत सोडलं. डॉक्टर स्टेप्टो, शास्त्रज्ञ एडवर्ड्स आणि प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या जीन पर्डी यांनी (त्यांचं नाव फार लोक घेत नाहीत, मी मुद्दाम घेते) अंड्याची वाट बदलली. अंडं होतं तेच राहिलं. आजही तंत्र तेवढंच करतं, फक्त फार सफाईने.

आपल्याकडून माझी अपेक्षा मोठी नाही. अशा प्रत्येक बातमीखाली एक ओळ द्यावी: ‘या वयात स्वतःच्या बीजापासून मूल होण्याची शक्यता फार थोडी असते, अशा वयातल्या अनेक गर्भधारणा दात्या स्त्रीच्या बीजापासून होतात.’ यात कोणाचं नाव येत नाही, कोणाची अब्रू जात नाही.

भाचीने पुढे काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही. ठरवेल. मी विचारत नाही. तिने परवा माझी जुनी कात्री मागितली, बघायला म्हणून. दिली.

पत्र लांबलं आहे. कात्री आपल्याकडेही आहे याची कल्पना आहे, फक्त सत्तावीसात आठचा हिशेब कापू नये ही विनंती. आणि लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात ‘स्त्रीच्या शरीरात दर महिन्याला नवं अंडं तयार होतं’ असं छापलं आहे. ते तयार होत नाही, पिकतं. शुद्धिपत्र एका ओळीचं पुरेल.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
(भाचीच्या आग्रहावरून नाव छापू नये)